चेंडू टाकणारा हात आणि खालच्या पायऱ्या

नांदेड-लातूरकडच्या शाळांत 'पिचर' हा शब्द काही नवा राहिलेला नाही. शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉल आहे, बेसबॉलही आहे. क्रिकेटच्या संघात जागा मिळाली नाही की बरीच मुलं तिकडे वळतात. दर दोन-चार वर्षांनी त्यांच्यात एखादा असा निघतो की त्याच्या हातातून सुटलेला चेंडू पाहायला शिपाईमामासुद्धा घंटा द्यायची विसरून थांबतात. मग जूनमध्ये निकाल घ्यायला त्या मुलाची अम्मी येते, गुणपत्रक दोनदा उलटसुलट करते आणि म्हणते, "मॅडम, इसकू आपही समझाव. दिनभर बॉल, बॉल."

समजवायचं म्हणजे चेंडू सोडायला लावायचं, हे तिला न बोलताही मला कळतं. पण वीस वर्षं उर्दू शाळेत मराठी शिकवल्यावर मला वाटतं, आधी आपणच एक गोष्ट समजून घ्यायला हवी. 'खेळ की तालीम' या प्रश्नावर आपल्या घरांत भांडणं खूप होतात. खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. चेंडू टाकणारा मुलगा टीव्हीवर दिसेपर्यंत मधे जी वर्षं जातात ती कुठे जातात, त्या वर्षांत तो झोपतो कुठे, खातो काय आणि त्याचा खर्च कोण करतं? याचा हिशेब ना वडिलांना माहीत असतो, ना मुलाला.

अमेरिकेत या मधल्या वर्षांना नाव आहे. तिथे बेसबॉलच्या मुख्य लीगखाली मायनर लीग असते. अगदी तळाला 'रूकी' म्हणजे नवशिक्यांची पायरी, मग सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए, आणि त्यानंतर मोठी लीग. प्रत्येक मोठ्या क्लबचे खाली असे संघ असतात. मुलगा करारावर सही करतो ती सहसा तळाच्या पायरीसाठीच. लहान गावांतली मैदानं, रात्र-रात्र बसचा प्रवास आणि हातात येणारी रक्कम फारच थोडी. २०२३ मध्ये खेळाडूंच्या संघटनेचा करार झाला, तोपर्यंत तळाच्या पायरीवरच्या मुलाला वर्षाला ४,८०० डॉलर मिळत. करारानंतर ते १९,८०० झाले. म्हणजे जगातल्या सर्वात श्रीमंत खेळांपैकी एका खेळातही खालची मुलं वर्षानुवर्षं घरच्या मदतीवर किंवा सुट्टीतल्या मजुरीवर निभावत होती.

या पायऱ्या आपल्या देशातल्या दोन मुलांनी चढून पाहिल्या आहेत. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही उत्तर प्रदेशातल्या बनारसच्या बाजूच्या खेड्यांतले, साध्या घरातले आणि दोघेही भालाफेकपटू. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा भारतात भरली. सर्वात वेगवान आणि अचूक चेंडू कोण टाकतो ते शोधायचं होतं. हजारो मुलांमधून रिंकू पहिला आला. त्याचा चेंडू ताशी ८७ मैल, म्हणजे सुमारे १४० किलोमीटर वेगाने गेला. बक्षीस एक लाख डॉलर. तोवर त्याने बेसबॉल हातातही धरला नव्हता. दोघांना अमेरिकेत नेलं, टॉम हाउस या नावाजलेल्या प्रशिक्षकाकडे ठेवलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. २०१४ मध्ये यावर सिनेमाही आला, संगीत ए. आर. रहमान यांचं.

सिनेमा करारापाशी संपतो. पुढची वर्षं त्यात नाहीत, आणि आपल्या कामाची तीच आहेत. २००९ च्या उन्हाळ्यात दोघे फ्लोरिडातल्या रूकी लीगमध्ये उतरले. २०१० संपता संपता दिनेशला क्लबने मोकळं केलं आणि तो भारतात परतला. रिंकू टिकला. एकेक पायरी करत तो सिंगल ए पर्यंत गेला. मधे ऑस्ट्रेलियातही खेळून आला. तिथून मोठ्या लीगपर्यंत आणखी तीन संघ ओलांडायचे होते. २०१३ पासून हाताने दगा दिला, कोपराची शस्त्रक्रिया झाली, आणि त्या पायऱ्या तशाच राहिल्या. पुढे तो कुस्तीच्या 'डब्ल्यूडब्ल्यूई'त गेला. देशातून निवडलेला सर्वात वेगवान हात, जगातले उत्तम प्रशिक्षक, राहण्या-खाण्याची सोय, आणि तरीही मोठ्या लीगचा एकही सामना नाही. यात त्याची मेहनत कमी पडली असं मला मुळीच वाटत नाही. या कामाचा हिशेबच असा आहे.

आता आपल्याकडे या. चेंडू जोरात टाकणारा आपला मुलगा शेवटी वेगवान गोलंदाजीकडेच जातो, कारण पोट भरण्याची शक्यता तिथेच आहे. पण त्याच्या मायनर लीगला नाव नाही आणि पाटीही नाही. ती तुकड्यातुकड्यांत विखुरलेली आहे. गल्लीतल्या टेनिस बॉल टुर्नामेंट, जिल्ह्याचा संघ, महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या निमंत्रित स्पर्धा, सोळा आणि एकोणीस वर्षांखालील निवड चाचण्या. नांदेड आणि लातूर या असोसिएशनच्या हद्दीत येतात आणि तिचं स्टेडियम पुण्याजवळ गहुंज्याला. २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, ही त्यातल्या त्यात दिसणारी एक पायरी. बाकीच्या पायऱ्या ज्याच्या घरात कुणी खेळलेलं नाही, त्याला दिसतच नाहीत.

या न दिसणाऱ्या पायऱ्या चढून गेलेला आपल्या सगळ्यांना माहीत असलेला माणूस म्हणजे झहीर खान. जन्म ७ ऑक्टोबर १९७८, गाव श्रीरामपूर, जिल्हा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. वडील बख्तियार खान यांचा फोटो स्टुडिओ, आई झकिया शिक्षिका. घर आपल्यासारखंच. मुलगा अभ्यासात बरा होता आणि त्याला इंजिनीअरिंगला प्रवेशही मिळाला होता. ज्या प्रवेशासाठी आज लातूरमध्ये लाखालाखाच्या फिया भरल्या जातात, तो हातात आलेला होता. इंजिनीअर देशात पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो, असं वडिलांनी त्याला सांगितल्याचं झहीरच्या बाबतीत नेहमी सांगितलं जातं. वाक्य ऐकायला छान आहे. पण त्या वाक्यानंतर वडिलांनी काय केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते मुलाला घेऊन स्वतः मुंबईला गेले.

साल १९९६. क्रॉस मैदानावर नॅशनल क्रिकेट क्लब होता आणि तो भारताचे माजी कसोटीपटू सुधीर नाईक चालवत. तोपर्यंत झहीर बहुतेक टेनिस बॉलवरच खेळलेला. सीझन बॉलची नीट ओळख इथे झाली. मुंबईत राहायला घर नव्हतं. रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करणाऱ्या एका नातेवाईक बाईंच्या एवढ्याशा खोलीत तो राहिला. गादी-उशीचीही चैन नव्हती, हे त्याने स्वतःच नंतर मुलाखतीत सांगितलं आहे. नाईक सरांनी त्याच्या पोटापाण्याचीही व्यवस्था बघितली. आपल्याकडे गोष्ट सांगताना मुलाची जिद्द सांगतात आणि ही खोली विसरतात. ती खोली नसती तर जिद्द घेऊन तो कुठे झोपला असता?

मुंबईत पायऱ्या होत्या, हे दुसरं. पावसाळ्यात तिथे कांगा लीग खेळतात, १९४८ पासून. वाढलेलं गवत, ओली खेळपट्टी, ए पासून जी पर्यंत विभाग. नवख्या मुलाला खालच्या विभागात नोकरदार, म्हातारे, जिद्दी असे सगळे भेटतात. त्याशिवाय क्लबच्या स्पर्धा वेगळ्या. झहीर या सगळ्यांत बळी घेत गेला. चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये टी. ए. शेखर यांच्या हाताखाली शिकला. मुंबईच्या रणजी संघात मात्र त्याला जागा मिळाली नाही. मग तो बडोद्याकडून खेळला. १९९९-२००० चा तो पहिला हंगाम, आणि ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत तो भारताच्या संघात दिसला. बावीस वर्षं पूर्ण व्हायला चार दिवस कमी होते.

१९९६ ते २०००. चार वर्षं. आता आपल्या गावाकडे बघा. लातूरच्या शिकवणीच्या गल्ल्यांत जून महिन्यात फिरून या. नांदेड, परभणी, हिंगोली, बीडकडच्या अम्मी मुलासाठी, आता माशाअल्लाह मुलीसाठीही, एक खोली भाड्याने घेऊन राहिलेल्या दिसतील. गावाकडे वडील आणि लहान भावंडं, इथे आई डबा करते. अकरावी, बारावी, मग एक रिपीट, कधी दोन. तीन-चार वर्षं इथेही सहज होतात. २०२४ मध्ये देशभरात २३ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्याच वर होत्या. म्हणजे नीट हीसुद्धा एक मायनर लीगच आहे. चढतात पुष्कळ आणि पोचतात मूठभर. फरक एवढाच की तिथे न पोचणाऱ्यालाही बीएससी, नर्सिंग, फार्मसी असे दरवाजे आहेत आणि समाजात मान आहे. म्हणून आपण तिथे वर्षं द्यायला घाबरत नाही. चेंडूला मात्र एक उन्हाळासुद्धा देताना जीव कासावीस होतो.

यावरून मी प्रत्येक मुलाला चेंडू द्या म्हणतेय असं कुणी समजू नये. उलट. न पोचणाऱ्यांचं काय होतं, ते आधी बघा. आपल्याच मराठवाड्यातली दोन नावं घ्या. औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षं नवा चेंडू घेऊन धावला आणि प्रथम श्रेणीत त्याने तीनशेहून अधिक बळी घेतले. भारताकडून तो खेळला फक्त एक कसोटी, डिसेंबर २००१, मोहाली, इंग्लंडविरुद्ध. वय २७ च्या उंबरठ्यावर. त्या सामन्यात दुसऱ्या डावात भारताला जिंकायला अवघ्या ५ धावा हव्या होत्या, तेव्हा त्यालाच सलामीला पाठवलं. पहिल्याच कसोटीत नवा चेंडू टाकायचा आणि सलामीलाही यायचं, असा योग फार थोड्यांच्या नशिबी येतो. त्याच सामन्यात बीडमध्ये जन्मलेला संजय बांगरही पहिल्यांदा भारताकडून उतरला. एकाच दिवशी मराठवाड्यातली दोन मुलं! आमच्या शाळांत हे सांगितलं जात नाही. खरं तर फळ्यावर लिहून ठेवायला हवं. बांगर रेल्वेकडून खेळायचा. रेल्वे म्हणजे नोकरी, पगार आणि खेळायला सुट्टी. त्या काळी हीच गावाकडच्या मुलाची सर्वात भक्कम पायरी होती. आजही महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि पात्र असूनही अर्ज न करणारी मुलं मी पाहिली आहेत.

अलीकडचं उदाहरण लातूरच्या शेजारचं, तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर. २०२० मध्ये कोरोनाने वडील गेले. २०२२ च्या सुरुवातीला वेस्ट इंडिजमध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता. पुढच्याच आठवड्यात आयपीएलच्या लिलावात चेन्नईने त्याला दीड कोटीला घेतलं. तुळजापूरच्या मुलाला दीड कोटी! त्या आठवड्यात आमच्या भागातल्या सगळ्या टेनिस बॉल टुर्नामेंटमध्ये मुलं वीस-वीस पावलं मागून धावत यायला लागली. पहिला सामना मिळायला त्याला वर्षभर वाट बघावी लागली. ३१ मार्च २०२३, अहमदाबाद, ३६ धावांत ३ बळी. त्या हंगामात पुढे संधी थोडीच मिळाली. २०२५ च्या हंगामासाठी लखनौने त्याला घेतलं ते ३० लाखांना. मुलगा तोच, हातही तोच. अंबाजोगाईचा दिग्विजय देशमुख २०१३ च्या 'काय पो छे' सिनेमात गुणी फलंदाज पोरगा झाला होता, तो खरोखर गोलंदाज अष्टपैलू म्हणून पुढे आला. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबई इंडियन्सने त्याला २० लाखांना घेतलं, पण त्या हंगामात मैदानावर उतरायला मिळालं नाही. लिलावाचा आकडा टीव्हीवर एका रात्रीत दिसतो, पुढचे महिने बाकावर जातात. मुलाशी बोलताना हा आकडा विसरा आणि खालचे आकडे सांगा. २०२१ मध्ये बीसीसीआयने ठरवल्याप्रमाणे रणजीत नव्या खेळाडूला खेळाच्या दिवसाला ४०,००० रुपये आणि एकोणीस वर्षांखालील मुलाला २०,००० रुपये मिळतात. चांगली रक्कम आहे, पण वर्षातले ते दिवस मोजकेच असतात, आणि तिथवर यायच्या आधीच्या पायऱ्यांवर खिशातूनच घालावे लागतात. बूट, किट, पुण्याचं भाडं, राहणं, जेवण.

मग द्यायची तर किती वर्षं द्यायची? माझं मत विचाराल तर, मुदत आधी ठरवा आणि मुलासमोर बसून ठरवा. सतरा-अठरापर्यंत जिल्ह्याच्या पुढे राज्याच्या चाचणीपर्यंत नाव जातंय का, एवढी एक खूण पुरेशी आहे. तोपर्यंत दहावी-बारावी सुटता कामा नये. कॉलेजात नाव असलं की विद्यापीठाच्या स्पर्धा खेळता येतात, क्रीडागुण मिळतात, आणि चेंडू राहिला तरी बी.पी.एड. सारखे रस्ते उघडे राहतात. झहीरच्या वडिलांनी प्रवेश सोडायला लावला, हे उदाहरण घेऊन बारावीतून नाव काढून घेणाऱ्या पालकांना मी हात जोडून सांगते, त्यांच्या मुलाकडे तो प्रवेश मिळवण्याइतका अभ्यास आधी झालेला होता.

हाताची आणि पाठीची काळजी हा विषय आपल्याकडे कुणी काढतच नाही. अमेरिकेत लहान पिचरने दिवसात किती चेंडू टाकायचे याचे वयानुसार आकडे ठरलेले आहेत. तेरा-चौदाच्या मुलाला ९५ पेक्षा जास्त नाहीत आणि नंतर सक्तीची विश्रांती. वेगवान गोलंदाजाला कोपरापेक्षा कंबर दगा देते, पाठीच्या मणक्याला बारीक चिरा जातात. इंग्लंडमध्ये म्हणूनच वयानुसार षटकांवर मर्यादा आहे. आणि आपल्याकडे? रविवारी एकाच दिवशी तीन सामने, तिन्हींत हाच गोलंदाज, कारण बक्षीस अकरा हजार आणि चषक नेत्याच्या हस्ते. मुलगा चांगला आहे म्हणून त्याला सगळेच ओढतात. इथे 'नाही' म्हणायचं काम अब्बांचं आहे. पंधरा वर्षांचा मुलगा कप्तानाला नाही म्हणू शकत नाही. कंबर दुखते म्हणाला की तेल चोळून पुन्हा मैदानावर पाठवू नका, हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. रमजानमध्ये दुपारच्या उन्हात पूर्ण जोराने गोलंदाजी नको. त्या महिन्यात इफ्तारनंतर हलका सराव ठेवला तर कुणाचं काही बिघडत नाही.

मुलींबद्दल. सॉफ्टबॉलमध्ये पिचर खांद्यावरून नाही, खालून हात फिरवून चेंडू टाकतो, आणि आमच्या उर्दू शाळांतल्या मुली हा हात फार लवकर उचलतात. त्यांची घरं मात्र तालुका स्पर्धेपर्यंत राजी असतात, विभागीय म्हटलं की थांबतात. कारण खेळ नसतो, प्रवास असतो. सोबत कोण, रात्री मुक्काम कुठे, कपडे कसे. हे प्रश्न अगदी योग्य आहेत, आणि त्यांची उत्तरंही आहेत. संघासोबत शिक्षिका येतात का, ते आधी विचारा. मुक्कामाचा पत्ता आणि फोन मागून घ्या. पूर्ण बाह्या, लेगिंग आणि डोक्यावर स्कार्फ घालून खेळू द्याल का, हे शाळेला स्पर्धेआधीच विचारून घ्या. न विचारता घरी ठेवलेल्या मुलीचा हात दोन वर्षांत मऊ पडतो.

शेवटी एक कोरडं पण महत्त्वाचं काम. बीसीसीआय सोळा वर्षांखालील मुलांची हाडांची तपासणी करून वय ठरवतं. कागदावरचं वय आणि हाडाचं वय जुळलं नाही की मुलगा बाद होतो, आणि वर बदनामी पदरात. आपल्या भागात १ जून या तारखेला जन्मलेली इतकी मुलं कशी, हे कोणत्याही मुख्याध्यापकाला विचारा. प्रवेशाच्या दिवशी दाखला नव्हता, मास्तरांनी अंदाजाने तारीख टाकली, पुढे तीच आधारवर गेली. मुलगा कोणताही खेळ खेळणार असेल तर ग्रामपंचायतीतला किंवा नगरपालिकेतला जन्मनोंदीचा दाखला काढा आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या तारखेशी ताडून बघा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज दहावीचा फॉर्म भरण्याआधी शाळेत द्या. बोर्डाचं प्रमाणपत्र हातात आल्यावर तीच तारीख बदलायला महिनोन्महिने चकरा माराव्या लागतात, आणि तोवर निवड चाचणी होऊन जाते.